अडीचशे लिटरची भावकी

मासे पाळले की रक्तदाब उतरतो, असं छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसाने एक तर गोल्डफिश पाळलेले असतात किंवा काहीच पाळलेलं नसतं. दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या लोकांसमोर जी काचेची पेटी ठेवलेली असते, तिच्यात दोन नारिंगी मासे, एक प्लॅस्टिकचा पाणबुड्या आणि तोंड उघडून बुडबुडे सोडणारा शिंपला असतो. ते बघून कुणाचाही रक्तदाब उतरेल. त्या माशांचाही उतरलेलाच असतो. आफ्रिकन सिक्लिड हे प्रकरण निराळं. त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसलेला माणूस आधी पुढे सरकतो, मग काचेला नाक लावतो आणि थोड्या वेळाने "अरे सोड त्याला, मरंल ना तो!" असं ओरडतो. आमच्या घरातून हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं, की रस्त्याने जाणाऱ्यांची आमच्या कुटुंबाविषयीची मतं आता पक्की झाली आहेत.

मी राहतो अजिंठ्याला. हे सांगितलं की पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांत एकदम पद्मपाणी उतरतो. "म्हणजे तुम्ही रोज लेणी बघता?" रोज काय, पाहुणे आल्याशिवाय वर्षानुवर्षं बघत नाही. लेणी आमच्या गावात नाहीतच. गाव घाटाच्या माथ्यावर, सिल्लोड तालुक्यात; लेणी घाट उतरून दहा-बारा किलोमीटरवर, सोयगाव तालुक्यात. नाव आमचं, तिकीट तिकडे. आमच्या वाट्याला जुनी तटबंदी, वेस आणि हॉर्न वाजवत निघून जाणाऱ्या गाड्या. अशा गावात आफ्रिकेतल्या सरोवराचे मासे काय करतात, असं लोक विचारतात. त्याचं उत्तर आमच्या पाण्यात आहे.

आमच्या बोअरचं पाणी हा गल्लीतल्या बायांचा कायमचा विषय. त्यात तूरडाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, तांब्यावर पांढरी साय धरते आणि गिझरची कॉइल बाहेर काढली की तिला मुतखडा झालेला असतो. काळ्या बेसॉल्टच्या भेगांतून झिरपणारं पाणी वाटेत भेटेल तो क्षार बरोबर घेऊन येतं. म्हणून माणसं जार विकत घेतात. आणि नेमकं हेच पाणी मलावी सरोवरातल्या माशांना मानवतं. मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांच्या मध्ये पसरलेलं हे सरोवर साडेपाचशे किलोमीटरहून जास्त लांब, सातशे मीटरच्या आसपास खोल आणि पाणी अल्कधर्मी, पीएच साधारण पावणेआठ ते साडेआठ. मुंबई-पुण्याचे शौकीन धरणाचं मऊ पाणी तिथवर न्यायला खायचा सोडा आणि एप्सम सॉल्ट चमच्याने मोजून घालत बसतात. आम्ही मोटरचं बटण दाबतो. अजिंठ्याला निसर्गाने एवढी एकच सवलत दिली आहे आणि गावात ती घेणारा मी एकटा आहे.

आईला हे पटलेलं नाही. "माशाला चालणारं पाणी माणसाला कामून चालत नाही?" हा तिचा प्रश्न बिनतोड आहे. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत अडीचशे लिटर पाणी मावतं, हे ऐकल्यापासून ती भांडी घासताना ते वाक्य मोठ्याने म्हणते. त्यातलं पाव हिस्सा पाणी आठवड्याला बदलावं लागतं, हे तर तिला अजून कुणी नीट सांगितलेलंच नाही. उन्हाळ्यात नळाची पाळी लांबली की साठ लिटर पाणी बादल्यांनी बाहेर काढताना शेजाऱ्यांच्या नजरा पाठीत रुततात, म्हणून हे काम पहाटे उरकायचं. काढलेलं पाणी तुळशीला, पेरूला आणि कढीपत्त्याला. माशांच्या घाणीतून निघणाऱ्या अमोनियाचं फिल्टरमधले जिवाणू आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट; आणि नायट्रेट म्हणजे झाडाला खत. आमचा कढीपत्ता गच्चीला लागला आहे. शेजारणी डहाळ्या मोडून नेतात, आणि पाण्याच्या उधळपट्टीवरची चर्चा त्या दिवसापुरती तहकूब होते.

हे मासे विकत घेणं हा भरवशाचा व्यवहार नव्हे. दुकानात टाकीवर 'मिक्स आफ्रिकन' अशी पाटी असते आणि नगावर भाव असतो. आपल्याकडे मिळणारी बरीचशी शोभेची मासळी चेन्नईच्या कोळत्तूर भागात घराघरांतल्या हौदांत पैदा झालेली असते. म्हणजे पूर्वज मलावीचे, जन्म तमिळ मुलखातला आणि दुकानदाराने ठेवलेलं नाव इंग्रजी. त्या नावावर फार विसंबू नये. केन्यी नावाचा एक मासा लहानपणी आकाशी निळा असतो, अंगावर गडद पट्टे. मादी जन्मभर तशीच राहते. नर मात्र वयात आला की पिवळाधमक होतो. आमच्याकडे हा पालट सुरू झाला तेव्हा शेजारच्या आबांनी दोन दिवस निरखून निकाल दिला : "रंग उतरला. माल नकली आहे. पावती असंल तर परत करा."

या आबांविषयी सांगितलं पाहिजे, कारण टाकी माझी असली तरी तिचा खरा अर्थ त्यांना कळला. आबांचा सख्ख्या चुलतभावाशी बांधाचा दावा आहे. हातभर रुंदीच्या पट्ट्यावरून तो सुरू झाला तेव्हा दोघांच्या मिशा काळ्या होत्या. संध्याकाळी मारुतीला जाऊन आले की ते आमच्याकडे खुर्ची ओढून टाकीसमोर बसतात. पहिल्याच दिवशी ते बराच वेळ गप्प होते. मग काठीने एक मासा दाखवून म्हणाले, "हा आमचा धाकला. बघा, सोताची एवढी मोठी कपार असून त्या गरिबाच्या वावरात तोंड घालतो."

मलावीच्या खडकाळ काठावर राहणाऱ्या या माशांना मबुना म्हणतात आणि त्यांना एकच वेड असतं : जागा. नराने एक कपार धरली की तिच्यासमोरची वीतभर वाळू, वरचा दगड आणि दगडावरचं शेवाळ, सगळं त्याच्या मालकीचं. खायला कितीही घाला, मन त्या वीतभर जमिनीत. सरोवरात खडकांचा एक पुंजका, मग वाळूचं मैदान, मग दुसरा पुंजका अशी रचना आहे. आणि मबुना मैदान ओलांडून पलीकडे जायचा कंटाळा करतो. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच खडकाला धरून बसल्यामुळे प्रत्येक पुंजक्याच्या माशांचा रंग वेगळा, जबडा वेगळा, खाणं वेगळं, आणि अखेर जातच वेगळी. एका आजोबाच्या वाटण्या होत होत या एका सरोवरात सिक्लिडच्या आठशेवर जाती झाल्या असाव्यात असा अंदाज आहे आणि त्यातल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. शेजारच्या व्हिक्टोरिया सरोवराने तर कमाल केली. ते पंधरा हजार वर्षांपूर्वी कोरडं पडलं होतं. पुन्हा भरल्यावर तेवढ्या अवधीत तिथे काही शे जाती तयार झाल्या. जीवशास्त्रात हा वेग अचाट मानतात. आबांना तो अचाट वाटला नाही. पंधरा हजार वर्षं म्हणजे किती तारखा, एवढंच त्यांनी मनाशी मोजलं असावं.

या भावकीची एक दूरची पाती आपल्याकडेही आहे. गोव्या-मालवणात जिला कालुंदर म्हणतात आणि केरळात करिमीन म्हणून केळीच्या पानात भाजतात, ती सिक्लिडच. पण खाडीकाठची माणसं तिच्या भांडणाकडे बघत बसत नाहीत, सरळ कढईत टाकतात. आमच्याकडे येणारे पाहुणेही पहिला प्रश्न तोच विचारतात : "हे खायचे असतात का?" नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. मग दुसरा प्रश्न : "मग कामून पाळता?"

भांडणं आवरायच्या दोन युक्त्या शौकिनांना ठाऊक असतात आणि दोन्ही अक्कल गहाण टाकल्याशिवाय पटत नाहीत. पहिली : मासे कमी करू नका, वाढवा. मोकळ्या टाकीत दोन नर असले तर एक दुसऱ्याला फाडतो. दाटी झाली की कुणाला कुणावर नीट राग धरता येत नाही. एकाच्या मागे लागावं तर मध्ये चार जण येतात आणि मूळ कारण विसरायला होतं. फिल्टर मात्र दुप्पट ताकदीचा लावावा लागतो, नाहीतर अमोनियाच सगळ्यांचा निकाल लावतो. आणि पीएच जास्त असलेल्या पाण्यात अमोनिया अधिक जहरी होतो. दुसरी युक्ती : नवा मासा सोडायचा असेल किंवा एखादा दांडगा फारच माजला असेल, तर टाकीतले सगळे दगड उचलून त्यांची मांडणी बदलून टाकायची.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा आबा हजर होते. आमचे दगड शेतातलेच, काळे बेसॉल्टचे, जोडीला शहाबादी फरशीचे तुकडे. फरशी चुनखडीची असल्याने पाण्याचा पीएच धरून ठेवते. दगड वाळूवर ठेवायचे नसतात, थेट तळाच्या काचेवर पातळ थर्माकोल घालून त्यावर. कारण हे मासे तोंडाने वाळू उपसून खड्डे करतात आणि वाळूवर उभा केलेला दगड एक दिवस काचेवर कोसळतो. तर, कोपरापर्यंत हात बुडवून मी सगळा डोंगर मोडला आणि उलटा रचला. पाच मिनिटं पाणी गढूळ. गढूळपणा बसला तेव्हा सगळी भावकी मध्यभागी एकत्र तरंगत होती. कुणी कुणाला शिवत नव्हतं. कुणाची कपार कुठली, बांध कुठला, कुणालाच कळेना. सातबारा कोरा.

आबा खुर्चीतून उठले. "ना तलाठी, ना मोजणी, ना नोटीस," ते पुटपुटले. बराच वेळ उभे राहून त्यांनी त्या शांततेकडे पाहिलं. मग विचारलं, "हे कितीक दिवस टिकतं?" मी म्हणालो, साधारण रात्रीपर्यंत. ते समाधानाने खाली बसले. भावकीविषयीचा त्यांचा अनुभव खोटा ठरला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी 'धाकला' सर्वांत मोठ्या शहाबादीखाली ताबा घेऊन बसलेला होता.

खाण्याविषयी थोडक्यात. मबुना दगडावरचं शेवाळ आणि त्यातले बारीक जीव खरवडून जगतो, त्यामुळे त्याला स्पिरुलिनाचे दाणे, उकडलेला पालक, साल काढलेला मटार. प्रेमाने जास्त आणि जड खाऊ घातलं की पोट फुगून मरतो. या फुगण्याचा शौकिनांनी एवढा धसका घेतला आहे की त्याला सरोवराचंच नाव दिलं आहे, मलावी ब्लोट. पाहुण्यांना हे समजावणं अवघड. आपल्याकडे मासा दिसला की हात आपोआप मुरमुऱ्यांकडे जातो. आम्ही टाकीला झाकण लावलं, तर एका मावशीने झाकणाच्या फटीतून चिवडा घातला.

याच कुळात एक मोठा ठकही आहे. निंबोक्रोमिस लिव्हिंगस्टोनी. अंगावर सडक्या डागांसारखे चट्टे, तळाशी आडवा पडून राहतो, अगदी मेल्यासारखा. मेलेला मासा समजून छोटे मासे लचका तोडायला येतात आणि हा उठून त्यातल्याच एकाला गिळतो. स्कॉटिश प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन 1859 साली त्या सरोवराशी पोचला, त्याचं नाव या माशाला लागलं. मासा त्याच्या कितीतरी आधीपासून मरून दाखवत होता आणि काठावरचे कोळी त्याला ओळखून होते. पण जो लांबून येतो त्याचं नाव लागतं. आमच्याकडे तरी दुसरं काय झालं? 1819 च्या एप्रिलमध्ये वाघाच्या शिकारीला आलेला जॉन स्मिथ लेण्यांशी पोचला, दहाव्या लेण्याच्या खांबावर त्याने स्वतःचं नाव कोरलं आणि इतिहासात शिरला. त्या रानात गुरं चारणाऱ्या कुणाचं नाव कुठल्याच खांबावर नाही. आज तेच काम कुणी पाहुण्याने केलं तर पोलीस येतात.

आता बाळंतपण. ज्यासाठी माणूस ही सगळी दगदग सोसतो तो भाग हाच.

विणीवर आलेला नर आधी एक सपाट दगड झाडून घेतो, मग रंग गडद करून मादीसमोर अंग थरथरवत गोल फिरतो. मादी दहा वेळा निघून जाते. अकराव्या वेळी येते. दोघे एकमेकांच्या शेपटीशी तोंड करून गोल गोल फिरतात. मादी एखाद-दुसरं अंडं घालते आणि घातल्या घातल्या वळून ते तोंडात उचलते. नराच्या पोटामागच्या पराला पिवळे गोल ठिपके असतात, थेट अंड्यांच्या आकाराचे. मादीला वाटतं की दोन अंडी मागे राहिली, म्हणून ती त्या ठिपक्यांना तोंड लावते. त्याच क्षणी नर आपलं काम उरकतो आणि अंडी तिच्या तोंडातच फळतात. शास्त्रज्ञांनी लावलेला हा अर्थ मी आईला शक्य तेवढ्या सभ्य भाषेत सांगितला. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे फसवलंच की मेल्याने."

तिथून पुढे नर मोकळा. तो लगेच दुसरीपुढे थरथरायला लागतो. मादीचं मात्र तोंड बंद, सुमारे तीन आठवडे. 'एकादशी, दुप्पट खाशी' हा आमच्या घरचा संप्रदाय, त्यामुळे खरा निराहार उपास आमच्याकडे प्रथमच घडला. दाणे टाकले की सगळी भावकी वर उसळते. ही एका कोपऱ्यात, हनुवटीखाली पिशवी फुगलेली, ओठ घट्ट. मधूनमधून जबडा हलवून ती आतली अंडी खालीवर करते, त्यांना ताजं पाणी लागावं म्हणून. शेवटच्या दिवसांत ती काचेजवळ आली आणि उजेड तिरका पडला, की ताणलेल्या कातडीतून आत काळे ठिपके दिसतात. नीट पाहिलं तर ते डोळे असतात. अंग वाळतं, पोट पाठीला लागतं, डोकंच तेवढं मोठं दिसतं. माझ्या घरच्या मंडळींनी त्या काळात नराचे दाणे बंद करण्याची मागणी केली होती. मी ती अर्धी मान्य केली.

टांगानिका सरोवरात नराच्या या फसवणुकीवर ताण करणारा एक ठिपकेवाला मांजरमासा आहे. सिक्लिडची जोडी अंडी घालत असताना तो मध्ये घुसून आपली अंडी पेरतो. मादी घाईघाईत तीही तोंडात उचलते. मांजरमाशाची पिल्लं आधी निघतात आणि तोंडातच बसून यजमानीणबाईंची पिल्लं खातात. कोकिळेचं अंडं कावळिणीच्या घरट्यात, हे आपण कौतुकाने शाळेत शिकलो. इथे घरटं म्हणजे आईचं तोंड.

तीन आठवड्यांच्या आसपास शौकीन लोक मादीला हळूच जाळीत घेतात, ओल्या हातात धरून बोटाने खालचा जबडा किंचित उघडतात आणि भांड्यातल्या पाण्यात पिल्लं सोडवून घेतात. भावकीत सोडली तर त्यांचा बापच त्यांना खातो. आमच्याकडे या प्रसंगी आई दार लोटून घेते आणि आबांना बाहेर बसवते. बाळंतपणात परका पुरुष नको. माझ्या उपस्थितीलाही तिची हरकत असते, पण जबडा उघडायला दुसरं कुणी तयार नाही. पिल्लं एकेक करून निघतात, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी, पोटाखाली पिवळ्या बलकाचा उरलासुरला गोळा, आणि बाहेर पडताक्षणी पोहायला लागतात. दुसऱ्या टाकीत गेल्यावर त्यातलं एक दुसऱ्याला कोपऱ्यातून हाकलतं. वय वर्षं शून्य.

तांदळाच्या दाण्यावरून सतरावं लेणं आठवतं. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं, पाचव्या शतकातलं हे लेणं जातककथांनी भरलेलं आहे. पर्यटक विश्वंतराची आणि सिंहलाची कथा बघून पुढे सरकतात; तिथे एक मत्स्यजातकही आहे. बोधिसत्त्व त्या जन्मी मासा होतो. कोसल देशात दुष्काळ पडतो, तळं आटतं, मासे चिखलात रुततात आणि कावळे त्यांना चोचीने उपसून खाऊ लागतात. तेव्हा तो चिखल बाजूला सारून वर येतो आणि पर्जन्याला आवाहन करतो : जिथे भाऊ भावाला खातो अशा कुळात मी जन्मलो, पण तांदळाच्या दाण्याएवढाही मासा मी कधी खाल्ला नाही, हे खरं असेल तर पाऊस पाड. आणि पाऊस पडतो. दुष्काळ, आटलेलं तळं, एकमेकांना खाणारे मासे : मराठवाड्यात रंगवायला याहून योग्य कथा कुठली? चित्रकाराने सिक्लिड पाहिलेले नसणार, पण माशांची भावकी त्याला ठाऊक होती. मी आबांना ही गोष्ट सांगितली. त्यांनी टाकीकडे पाहिलं. "यांच्या सत्यावर पाऊस पडायचा म्हणजे टँकरच मागवावा लागंल," ते म्हणाले.

एक योगायोग इथेच नोंदवतो. अजिंठा लेणी जागतिक वारसा यादीत 1983 साली गेली. मलावी सरोवराच्या दक्षिण टोकाचं राष्ट्रीय उद्यान, मुख्यतः या सिक्लिडसाठीच, 1984 साली. सिनिऑरिटी आमची आहे. आमच्या नात्यातल्या एका इंजिनिअराला हे सांगितलं तर त्याने विचारलं, "मग दोन्ही वारसे एकाच तिकिटात दाखवता का?" विचार करण्यासारखं आहे.

उन्हाळा आणि वीज यांच्याविषयी फार लिहीत नाही, ती दुःखं सार्वजनिक आहेत. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर गेला की टाकीच्या पाण्यावर टेबलफॅन सोडावा लागतो. पाण्याची वाफ होते आणि उरलेलं पाणी दोन-तीन अंशांनी थंड पडतं. घरात त्या वेळी माणसांसाठी दुसरा टेबलफॅन नसतो. रात्री लाईट गेली की पंप बंद, आणि दाटीच्या टाकीतला प्राणवायू भराभर उतरतो. मग मेणबत्ती लावून तांब्याने पाणी काढायचं आणि उंचावरून परत टाकीत ओतायचं, लाईट येईपर्यंत. अशा एका रात्री आईने अंधारातून विचारलं होतं, "अभिषेक कुणाला चाललाय?"

खरी पंचाईत पिल्लं मोठी होतात तेव्हा. एकेक मादी वीस-पंचवीस पिल्लं देते आणि मिक्स आफ्रिकनच्या टाकीत कोण कुणाच्या ठिपक्यांना भुलेल याचा नेम नसतो. वेगवेगळ्या खडकांवर लाखो वर्षं ज्यांनी सोयरिक टाळली, ते आमच्या चार फुटांत बिनबोभाट लग्नं लावतात. तयार होणारी प्रजा ना निळी ना पिवळी, राखाडी आणि तापट. दुकानदार पहिला लॉट घेतो, दुसऱ्याला भाव पाडतो आणि तिसऱ्या वेळी फोन उचलत नाही. मग ओळखीच्या लोकांना वाटप. गावात आता मला पिशवी घेऊन येताना पाहिलं की लोक गल्ली बदलतात.

आबांनी मात्र मोठ्या मनाने तोडगा काढला. "आणा इकडं. विहिरीत सोडतो. डास तरी खातील." मी प्रथमच त्यांना ठाम नाही म्हणालो. डासांसाठी आरोग्य खातं गप्पी मासे वाटतं, तेवढे पुरे. विहीर ओढ्याला मिळते, ओढा वाघूर नदीला, आणि आफ्रिकन पाहुणा एकदा वाहत्या पाण्यात शिरला की काय करतो ते आपण बघून बसलो आहोत. मोझांबिक तिलापिया हाही आफ्रिकन सिक्लिडच, तोंडात पिल्लं सांभाळणारा. 1952 साली तो भारतात आणला, तळ्यांत जास्त मासळी पिकावी म्हणून. आज चिलापी या नावाने तो उजनीपासून गावतळ्यापर्यंत सगळीकडे आहे, बाजारात स्वस्त आहे, आणि जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. उजनीचा कोळी त्याच्यावर पोट भरतो हे खरं. पण त्याच्या आधी तिथे जे मासे होते त्यांना कुणी विचारलं नाही. व्हिक्टोरियात उलटं झालं : 1950 च्या दशकात नाईल पर्च नावाचा धिप्पाड मासा बाहेरून आणून सोडला आणि त्याने तिथल्या शेकडो सिक्लिड जातींचा फडशा पाडला. पंधरा हजार वर्षांच्या वाटण्या काही दशकांत संपल्या.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या परीने मुद्दा बरोबर पकडला. "म्हणजे चिलापीचं कूळ लागलं," ते म्हणाले. "आता निघायची नाही ती."

तेव्हा लेणी पाहायला अजिंठ्याला येणाऱ्या सर्व वाचकांना विनंती. घाट उतरण्याआधी पाच मिनिटं गावात थांबा. सिक्लिडची पिल्लं फुकट मिळतील, रंगाची आणि बापाची हमी मिळणार नाही. येताना घट्ट झाकणाचा पाच लिटरचा डबा आणा. पाणी आमचं घ्या, भरपूर आहे आणि तुमच्या कुठल्याच उपयोगाचं नाही. पुढे कंटाळा आला तर नदीत, धरणात, विहिरीत, देवळाच्या कुंडात सोडू नका. दुसऱ्या शौकिनाला द्या. आणि परत मात्र आणू नका.